लाल चंद्रकोरीचा साचा

मी पत्र्याचा एक साचा बोलतोय. मधोमध चंद्रकोरीच्या आकाराची पोकळी, एवढंच माझं अंग. मला गाडीवर दाबून धरायचं, लाल फवारा मारायचा आणि उचलायचं. मागे लाल चंद्रकोर उरते, मुस्लिम देशांत रेड क्रॉसच्या जागी वापरतात ती रुग्णवाहिकेची खूण. माझ्या हातून जे झालं ते सांगताना मान खाली जाते, तरी सांगतो.

मला ॲलॉयसियसने कापलं. तो वसईचा, मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजात बावीस वर्षं गाड्या रंगवत होता. कापताना कात्री घसरली आणि माझ्या एका टोकाला खाच पडली.

मला करून घेतलं ते जोहरा मॅडमनी. त्या सैन्यात कायदा सल्लागार होत्या. निवृत्तीनंतर त्या देशोदेशीच्या लष्करी वकिलांना युद्धाचे नियम शिकवत. वर्गातल्या सरावासाठी त्यांना एक जुनी व्हॅन रंगवून हवी होती. रंग वाळेपर्यंत त्यांनी ॲलॉयसियसला समजावलं, की ही खूण म्हणजे समोरच्या बंदूकवाल्याला दिलेला शब्द आहे. आत फक्त जखमी आणि त्यांची सेवा करणारे. हिच्या आडून कोणी हत्यारं नेली तर तो गुन्हा, आणि त्याची शिक्षा भोगते मागून येणारी खरी रुग्णवाहिका.

काम झालं की साचा मोडून टाक, असं सांगून त्या गेल्या. पण चांगला पत्रा ॲलॉयसियसला मोडवेना. त्याने मला खिळ्याला टांगलं. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं.

वर्षभराने जाफर नावाचा व्यापारी तीन पांढऱ्या व्हॅन घेऊन आला. दोन्ही बाजूंना आणि टपावर चंद्रकोर हवी म्हणाला. ॲलॉयसियसने परवानगीचा कागद विचारला.

"येतोय, इन्शाल्ला. उद्या बोट सुटते," जाफर म्हणाला.

गॅरेजचा अरब मालक, अर्बाब, तोही घाई करू लागला. मला खिळ्यावरून काढलं गेलं. नऊ वेळा मी त्या गाड्यांना चिकटलो, आणि नऊही वेळा खूण अगदी सुबक उठली.

चार महिन्यांनी जोहरा मॅडम एक फोटो घेऊन गॅरेजात आल्या. दूरच्या एका लढाईतला. जुन्या सहकाऱ्याने कायद्याचं मत विचारायला पाठवलेला. उघड्या दाराची व्हॅन, स्ट्रेचरखाली गोळ्यांच्या पेट्या. दारावरच्या चंद्रकोरीच्या टोकाला खाच होती. ती व्हॅन पकडली गेल्यावर आठवड्याभरातच, त्याच रस्त्यावर, नाक्यावरच्या सैनिकांनी एका खऱ्या रुग्णवाहिकेवर गोळ्या झाडल्या. आतले दोन जखमी आणि खुदेजा नावाची नर्स मेली.

ॲलॉयसियसने खाच ओळखली, पण मॅडमना फोटो परत देऊन तो कामाला लागला. अर्बाबाने त्याला साचा भट्टीत टाकायला सांगितलं, म्हणजे विषय खलास. दोन दिवस त्याने मला भट्टीत टाकलं नाही. शेवटी त्याने बायकोला, डोरोथीला, सगळं सांगितलं.

"नोकरी गेली तर वसईला जाऊ," ती म्हणाली. "पण हे पोटात घेऊन नको जाऊया."

त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळून मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"परवानगीचा कागद पाहिला होतास?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. विचारला होता. पाहिला नाही."

त्याने जाफरचं नाव, तारीख, सगळं लिहून सही केली. मॅडमनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं. मग त्याच कागदाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: साचा मोडायला मी सांगितलं होतं, मोडलेला मी पाहिला नाही.

जाफरची चौकशी अजून चालू आहे. ॲलॉयसियसची नोकरी गेली; आता तो मस्कतपासून दूर, रुस्ताक गावात दुकानांच्या पाट्या रंगवतो. मी मॅडमच्या वर्गात असतो. लष्करी वकील मला हातोहात फिरवतात, दोष कुणाचा यावर वाद घालतात. मॅडम स्वतःचं नाव कधी गाळत नाहीत.

कलमं मला कळत नाहीत. माझी विनंती साधी आहे: कुणी ही खूण मागायला आलं, तर आधी परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

वाद थांबला की मॅडम बचावलेल्या ड्रायव्हरची जबानी वाचतात. गोळ्या सुटण्याआधी खुदेजाने खिडकीतून हात बाहेर काढून दारावरच्या चंद्रकोरीकडे बोट दाखवलं होतं. तिचा त्या खुणेवर विश्वास होता. सैनिकांचा मी उडवला होता.