मधली चेन

मित्रांनो, मी जुनी आहे आणि जरा जास्तच लांब आहे. मला बघून लोक आधी हसतात, मग विचारतात, "ही वळते तरी कशी?" वळते हो. पण दोघांनी मिळून वळावं लागतं. मी दोघांची सायकल. दोन सीट, पायडलच्या दोन जोड्या.

मी कारखान्यातली नाही. एका वेल्डरने दोन भंगार सायकली कापल्या आणि एकमेकींना जोडल्या. तो जोड अजून माझ्या पोटावर आहे, बोट फिरवलंत तर लागेल. वेल्डर म्हणाला होता, "मोडली तर कुठेही मोडेल, पण इथे नाही." खरं बोलला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. मला दोन चेन आहेत. मागची चेन चाकाला जाते. मधली चेन पुढच्या पायडलपासून मागच्या पायडलपर्यंत येते. पुढचा एकटाच ओढत असेल तर मधली चेन तारेसारखी ताणते. मागच्याने जोर लावला की ती ढिली पडते. त्यामुळे कोण किती मेहनत करतंय ते मला लगेच कळतं. माझ्याशी थापा चालत नाहीत.

पुढे बसायचा काचवाला. खिडक्यांना काचा बसवायचा, बोटं सगळी कापलेली. मागे त्याची बायको. ती कपडे शिवायची, पायाच्या मशीनवर, दिवसभर. काय पाय होते तिचे! चढ आला रे आला की मधली चेन ढिली.

काचवाला ओरडायचा, "अगं ए इंजिन, हळू! दमवतेस मला!"

"अहो ड्रायव्हर, तुम्ही नुसतं हँडल धरा. बाकीचं मी बघते."

प्रत्येक चढाला हेच भांडण.

सुट्टी असली की आम्ही दरीतल्या रस्त्याला जायचो. तिथे पूर्वी रेल्वे होती. रूळ उचलले आणि फक्त सायकलींसाठी डांबरी रस्ता केला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये एक बोगदा. जाताना सगळा उतार. येताना सगळा चढ, फार मोठा नाही, पण संपता संपत नाही असा. बोगदा आला की ती इंजिनासारखी शिटी मारायची. समोरून येणारे दचकायचे, मग हसायचे. माझे फोटो काढायचे. मला फार भारी वाटायचं.

मागे बसणाऱ्याला समोर पाठच दिसते. ती म्हणायची, "नदीपेक्षा तुमचा शर्टच जास्त बघितलाय मी. म्हणून तर नीट शिवते."

मग ती आजारी पडली. आधी मशीन सुटलं, नंतर जिना. पायांतली ताकदच गेली.

एक दिवस म्हणाली, "मला एकदा दरीच्या रस्त्याला न्या. ओझं म्हणून नाही हं. मी पायडल मारणार."

त्यांची मुलगी म्हणाली, "आई, खाली मी टेम्पो घेऊन थांबते. येताना त्यातून ये."

"बघू," आई म्हणाली. तिचं बघू म्हणजे नाही.

काचवाल्याने तिचे पाय पायडलला कापडाच्या पट्ट्यांनी अलगद बांधले. पट्ट्या तिनेच शिवलेल्या. उतार सोपा गेला. जुन्या स्टेशनच्या बाकावर त्यांनी डबा उघडला. तिने दोन घास खाल्ले. मुलगी टेम्पोचं दार उघडून उभी होती.

"लाव ते दार," ती म्हणाली. "इंजिन कधी टेम्पोत बसतं का?"

आणि चढ सुरू झाला. मधली चेन ताणली ती ताणलीच. तिचे पाय नुसते फिरत होते. ती पायडल मारत नव्हती, पायडल तिला फिरवत होतं.

"मी लावतेय ना जोर?" तिने विचारलं.

"लावतेयस म्हणजे काय! हळू गं, दमवतेस मला!" काचवाल्याचा श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाला.

बोगदा आला. तिने शिटी मारली, पण तोंडातून नुसती हवा आली. मग त्याने मारली. त्याला येत नाही. तशीच मारली.

बोगद्याबाहेर शेवटचा चढ होता. तिथे अचानक मधली चेन ढिली पडली. मित्रांनो, मी सांगते ना, खरंच पडली. चार-दोन फेरेच. पण तेवढा वेळ मला तिनेच ओढलं.

काचवाला एकदम गप्प झाला.

"अहो ड्रायव्हर, बोलत का नाही? झोपलात?"

माझ्या हँडलवर थेंब पडत होते. घाम मला ओळखता येतो. तो घाम नव्हता.

थोड्याच दिवसांनी ती गेली.

मला भिंतीला टांगलं. धूळ बसली, टायर बसले. वेल्डर येऊन म्हणाला, "मागचा भाग कापून देतो. एकट्याला हलकी पडेल."

"त्या जोडाला हात लावायचा नाही," काचवाला म्हणाला. तो कधीच कुणाशी इतक्या रागाने बोलला नव्हता.

तो अधूनमधून येऊन तेल घालायचा. फक्त मधल्या चेनला. ती चकचकीत, आणि मागची गंजून लाल. एकदा मुलीने बघितलं.

"बाबा, हिला का नाही घालत?"

"हिला घातलं की निघावं लागेल."

मुलीने त्याच्या हातातून तेलाची बुधली घेतली. मागची चेन फडक्याने घासली, तेल घातलं, हवा भरली. तो बघत राहिला. नको म्हणाला नाही.

मग आम्ही दरीच्या रस्त्याला गेलो. मागच्या सीटवर मुलगी. येताना चढ लागला तशी ती त्याच्या पाठीकडे बघत बसली. शर्टाची शिवण उसवली होती. तिचे पाय नुसतेच फिरत होते.

तेवढ्यात काचवाला म्हणाला, "हळू गं, दमवतेस मला."

"बाबा, मी अजून जोर लावलाच नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "मला कळतं."

मग मुलीने पाय दाबले.

मित्रांनो, मला टांगून ठेवलं तर मी गंजते. माणसंही गंजतात. तेल घाला, हवा भरा, ते सगळं कराच. पण तुमच्या घरात कुणी एकटंच चढ ओढत असेल, तर मागे बसून नुसते पाय फिरवू नका. त्याला कळतं. तो बोलणार नाही.