सुतारगल्लीतलं पाणी

श्रीमंतने टँकर थांबवला तिथे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. डावीकडे भीमनगर, उजवीकडे बाजारपेठ. बाजारपेठेच्या मागून काळा धूर सरळ वर चढत होता. वारा अजिबात नव्हता.

टँकर काठोकाठ भरलेला होता. नदीपात्रातल्या विहिरीपासून इथवर त्याच्या पाठीमागे पाणी डुचमळत आलं होतं. दुष्काळ लागल्यापासून श्रीमंतचा दिवस त्या आवाजातच जायचा. भर दुपारी डांबरी रस्ता पातळ होऊन वाहू लागल्यासारखा दिसायचा, कडेच्या बाभळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या थरथरायच्या आणि पाठीशी ते डुचमळणं. आपण जागे आहोत की झोपलोय, हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. होडी त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती, नांदेडला, गोदावरीच्या घाटावर. पण अशा दुपारी त्याला वाटायचं, आपण गाडी चालवतच नाही, होडीत बसलोय आणि होडी आपली आपण चाललीय.

आज भीमनगरची पाळी होती, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वस्तीची. घरी लेक चांगुणा बाळंतपणाला आलेली. बाळ अंगावर घामोळ्या घेऊन रात्रंदिवस किरकिरत होतं. सकाळी निघताना सिंधू त्याला एवढंच म्हणाली होती, की आज तरी लेकराला नीट न्हाऊ घालता येईल.

बाजाराकडून सायकल हाणत एक माणूस आला. सुतारगल्ली पेटली म्हणून सांगून, श्वास न घेता तसाच पुढे गेला. लातूरला फोन केलाय म्हणाला. जिल्हा आता लातूरचा झाला होता आणि आगीचा बंबही तिथेच होता. तो निघणार कधी, पोचणार कधी! सुतारगल्ली म्हणजे सगळी सागाची आणि लिंबाची लाकडं, वर माळवदाची घरं एकाला एक चिकटलेली. श्रीमंतच्या टँकरवर विहिरीतून पाणी ओढायचा डिझेल पंप बसवलेला होता. तोच पंप पाणी फेकूही शकत होता.

तो थोडा वेळ डावीकडे बघत राहिला. मग त्याने टँकर उजवीकडे वळवला.

बाजारचौकात आगीसाठी म्हणून एक लोखंडी नळ फार पूर्वी बसवलेला होता. गावची टाकी कोरडी पडल्यापासून त्यात वाराही येत नव्हता. कुणीतरी त्याला शेळी बांधली होती आणि धुराने बिथरून ती दावं ओढत होती. सुतारगल्लीच्या तोंडाशी टँकर अडला. गल्लीत बैलगाडीसुद्धा तिरकी करून घालावी लागायची. श्रीमंतने पाईप सोडला, पण तो वळणापर्यंतच पुरला. आग वळणाच्या पलीकडे होती.

तेव्हा शेतकरी सिद्धेश्वर पुढे झाला. त्याची विहीर कधीच आटली होती आणि मोटारीचा पाईप घरात गुंडाळून पडला होता. त्याने तो खांद्यावरून आणला. त्याचं बघून आणखी दोघांनी आपापले आणले. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळत त्यांनी पाईपाला पाईप जोडला. सांध्यासांध्यातून पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं, तरी टोकाला धार पोचली.

मारोती सुताराचं दुकान आणि घर एकच. दुकान आतून लाल झालं होतं. करायला घेतलेल्या चौकटी, पाळणे, पाट, सगळं उभ्या उभ्या जळत होतं. श्रीमंतने धार दुकानावर धरलीच नाही. शेजारच्या घराची भिंत आणि वरचं माळवद तो भिजवू लागला.

मारोतीने येऊन त्याचा दंड धरला.

"काय करून राहिलात, ड्रायवरसाब? दुकान तिकडं हाय माझं."

"दुकान गेलं, मारोती."

"न्हाई गेलं. आत माझ्या बापाची हत्यारं हायती. एकदा मारा पाणी, एकदाच."

श्रीमंतने मान हलवली. टँकरात किती उरलंय, ते पाईपाच्या जोरावरून त्याच्या हाताला कळत होतं. "पाणी थोडं हाय. तुमच्यावर मारलं तर गल्ली जाईल."

मारोती धार हिसकून घेईल असं श्रीमंतला वाटलं. पण त्याने दंड सोडला, मागे सरकला आणि एका सांध्यातून पाणी फार जात होतं तिथे जाऊन बसला. दोन्ही हातांनी तो सांधा त्याने गच्च दाबून धरला. आपल्या दुकानाकडे पाठ करून.

मग सगळं हळू हळू झाल्यासारखं श्रीमंतला वाटलं. माणसं ओरडत होती, पण आवाज लांबून येत होते. धुरातून ऊन पिवळं होऊन गळत होतं. आणि गल्लीतून पाणी वाहत होतं. भिंतींवरून उतरून, दगडांच्या फटीतून, कोळशाची भुकटी सोबत घेऊन ते उताराला लागलं होतं. बायका लुगड्याची फडकी त्यात बुडवून पिळून घेत होत्या. ते वाया जाताना त्यांना बघवत नव्हतं.

मारोतीच्या म्हाताऱ्या आईला, पार्वतीबाईला, लोकांनी आधीच बाजेसकट बाहेर आणून भिंतीशी ठेवलं होतं. तिला नीटसं दिसत नव्हतं. बाजेखालून पाणी वाहू लागलं तसा तिने हात खाली सोडला आणि बोटं त्यात हलवू लागली. श्रीमंत पाईप ओढत जवळून गेला, तेव्हा तिने विचारलं, "वढ्याला पाणी आलं का रं?"

"हाव, माय. आलंय."

म्हातारी हसली. माहेरचं काहीतरी आठवल्यासारखी, स्वतःशीच.

दुकानाचं छत आत कोसळलं आणि आग बसली. शेजारचं घर काळं पडलं, पण उभं राहिलं. त्याच्या पुढची सगळी गल्ली वाचली. पाईपातली धार बारीक झाली, अडखळली, थांबली. सिद्धेश्वर टँकरवर चढून आत डोकावला आणि झाकण लावून खाली उतरला.

संध्याकाळी श्रीमंत भीमनगरात पोचला, तेव्हा रिकामा टँकर दगडगोट्यांवरून नुसता खणखणत होता. तो आवाज सगळ्यांनी लांबूनच ओळखला असणार. बायका रांगेत उभ्या होत्या. श्रीमंत खाली उतरला. काय सांगायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. पण म्हणाला एवढंच, "सुतारगल्ली पेटली व्हती."

रांगेतल्या एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली की त्यांच्या गल्लीत गेलं आपलं पाणी. पुढे मात्र तिला कुणी दुजोरा दिला नाही.

"माणूस गेलं का?" रांगेत सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या तुळजाबाईने विचारलं.

"न्हाई, मावशी. मारोतीचं दुकान गेलं."

सिंधू रांगेत सगळ्यात शेवटी होती. ड्रायव्हरच्या बायकोने पुढे उभं राहायचं नाही, हे तिने पहिल्या दिवसापासून ठरवून घेतलं होतं. ती नवऱ्याच्या जळलेल्या बाहीकडे बघत होती. घरातून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, ते दोघांनीही ऐकलं.

श्रीमंतने टँकरवरचा पाईप उतरवला. घाईत तो तसाच गुंडाळून टाकलेला होता आणि उचलताना जड लागला. त्याने त्याचं एक टोक खांद्यावर घेतलं. "ह्यात थोडंबहुत असंल," तो म्हणाला. "नंबर पयला कुणाचा?"

"माझा," तुळजाबाई म्हणाली. मग तिने आपली घागर पायाने बाजूला सारली. "माझ्या जागेवर बाळंतिणीची लावा."

सिंधू जागची हलली नाही. तेव्हा तिच्या पुढच्या बाईने तिच्या हातातली घागर घेतली आणि पुढे दिली. हातोहात ती रांगेच्या तोंडाशी गेली.

श्रीमंत पाईप खांद्यावरून हातभर हातभर पुढे सरकवत चालू लागला. दुसऱ्या टोकातून करंगळीएवढी धार घागरीत पडू लागली. पाणी काळसर होतं, रबराचा आणि धुराचा वास येत होता. सगळ्या बायका ती धार संपेपर्यंत बघत उभ्या राहिल्या. घागर गळ्यापर्यंतही भरली नाही.

सिंधूने ती उचलली आणि घराकडे नेली. इतर बायकांनी आपापल्या घागरी धूळ जाऊ नये म्हणून पालथ्या घातल्या, आपापल्या जागेवरच ठेवल्या आणि एकेक करून त्या घरी गेल्या. पालथ्या घागरींच्या त्या रांगेशेजारी बसून श्रीमंत पाईप नीट गुंडाळत राहिला.