लाल ओळ

"दानेश्वरी, उद्या गिऱ्हाइकाला ऐंशी टक्के कोड तपासलेला दाखवायचाय. नाव-पत्त्याच्या भागाच्या सोप्या टेस्ट लिही की, टक्का भरेल!" मल्लेशसर म्हणाले. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचे यंत्रमाग या दोघांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालणार होते.

दानेश्वरीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. न तपासलेल्या ओळी लाल दिसत होत्या. त्यांतली एक सांगत होती, वीज जाऊन आली तरी बटण दाबल्याशिवाय माग सुरू होऊ नये.

"तुटलेला धागा जोडायला बाया आत हात घालतात, सर. आधी हीच तपासणार."

"त्यानं टक्का किती वाढेल?"

"अर्धासुद्धा नाही."

तिने टेस्ट लिहून चालवली. टेस्टमधली वीज जाऊन येताच स्क्रीनवरचा नकली माग आपोआप सुरू झाला.

मल्लेशसरांचा चेहरा उतरला. "उद्या काय दाखवू?"

"हेच दाखवा. नाहीतर उद्या धागा जोडायला तुम्हीच हात घाला."