निसीमभाऊंची फुलं

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात शशिधर नोकरी करायचा आणि रविवारी घरच्या किचनमध्ये बिअर बनवायचा. एक्क्याण्णव साली त्याच्या होमब्रू क्लबने ऑरगॅनिक एलची, म्हणजे एका जातीच्या बिअरची, स्पर्धा ठेवली. नियम एकच होता, कुठल्याच जिन्नसाला रासायनिक खत किंवा फवारा लागलेला नसावा.

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, त्याने पोस्टाने मागवलं. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं मात्र निसीमभाऊंनी दिली. निसीमभाऊ मूळचे भायखळ्याचे, बेने इस्रायली, वयाने सत्तरीला टेकलेले. कौन्सिलने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेल्या अ‍ॅलॉटमेंटवर त्यांनी हॉप्सचा वेल चढवला होता. मावा पडला तेव्हा रोज सकाळी शिडीवर चढून त्यांनी पान न् पान साबणाच्या पाण्याने पुसलं होतं. सप्टेंबरात फुलांच्या दोन पिशव्या शशिधरच्या हातात देताना ते म्हणाले, "आज संध्याकाळीच पसर. ओली राहिली की कुजतात."

शशिधरने पिशव्या गॅरेजमध्ये ठेवल्या. त्या आठवड्यात ऑफिसात कामाची घाई होती, आणि पिशव्या तो साफ विसरला. चौथ्या दिवशी उघडल्या तर आत हात घालवेना इतकी गरमी, आणि कुजकट वास. त्याने सगळं बिनमध्ये टाकलं, वर जुने पेपर टाकले, आणि दुकानातून साधं, ऑरगॅनिक नसलेलं हॉप्सचं पाकीट आणलं. फॉर्मवर 'सर्व जिन्नस ऑरगॅनिक' याखाली त्याने सही केली.

नोव्हेंबरात चर्चच्या हॉलमध्ये निकाल लागला. शशिधर पहिला. निसीमभाऊ कोट-टाय घालून आले होते. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, घोट घेतला आणि शेजारच्या गोऱ्या बाईंना इंग्रजीत म्हणाले, "दॅट इज माय गार्डन." मग दुसऱ्यालाही तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. शशिधर पहिल्या नंबरचं कार्ड हातात धरून त्यांच्या शेजारी हसत उभा होता, आणि मान आतल्या आत खाली जात होती.

घरी बायको मंजिरी म्हणाली, "कार्ड ड्रॉवरमध्ये का टाकलंस? लाव की भिंतीवर."

"नको," एवढंच तो म्हणाला. तीन आठवडे त्याने अ‍ॅलॉटमेंटचा रस्ता टाळला. मग एका शनिवारी तो गेला. निसीमभाऊ गुडघ्यांवर बसून लीक, म्हणजे जाड पातीचे कांदे, उपटत होते.

"निसीमभाऊ, त्या बिअरमध्ये तुमची फुलं नव्हती."

त्यांनी वर पाहिलं.

"कुजली होती. मी तीन दिवस पिशवीतच ठेवली. दुकानातलं पाकीट वापरलं."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"त्याच दिवशी येऊन बोलला असतास, तर वेलावर वरची फुलं अजून होती. उतरवून दिली असती." त्यांनी लीकची माती झटकली. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो रे, माझा बगीचा म्हणून."

ते चिडले असते तर शशिधरला बरं वाटलं असतं.

सोमवारी त्याने क्लबला पत्र लिहून कार्ड परत पाठवलं. पुढच्या पत्रकात एक ओळ छापून आली, पहिला क्रमांक रद्द. पण निसीमभाऊंना लोकांनी जे विचारायचं ते विचारलंच. "त्या बगीच्याचं काय झालं?" असं कुणीतरी हसत म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं.

पुढच्या सप्टेंबरात निसीमभाऊंनी फुलं आपल्या शेडमध्ये स्वतः वाळवली आणि क्लबातल्या एका तरुण नर्सला दिली. तिची एल स्पर्धेत तिसरी आली. हॉलमध्ये तिने शशिधरलाही ग्लास भरून दिला. चव थोडी गवतासारखी, कडवट, आणि फार छान होती.

समोर निसीमभाऊ उभे होते. "कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगली आहे," शशिधर म्हणाला. ते खरं होतं, तरी त्याला त्यांच्याकडे बघून म्हणता आलं नाही.

निसीमभाऊंनी मान डोलावली आणि ते त्या मुलीशी बोलायला वळले.