कालचा आकडा झाकणारा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. हसू नका, मित्रांनो. घड्याळ, दुर्बीण, छत्री असली मानाची मंडळी आपली कहाणी सांगतात, मग चपलांच्या खोक्यातून कापलेल्या चार बोटं रुंद पुठ्ठ्याने काय पाप केलं आहे?

मला कापलं एका शाळामास्तरांनी. घरात त्यांना दादा म्हणत. दादांना एका ताऱ्याचा नाद होता. मृग नक्षत्रातला तांबूस तारा, काक्षी. तो इतका अवाढव्य आणि म्हातारा आहे, की एक दिवस त्याचा स्फोट होणार आणि तो भरदिवसाही दिसणार. कधी? उद्या, नाहीतर लाख वर्षांनी! हिवाळाभर दिवेलागण झाली की दादा गच्चीवर जात आणि शेजारच्या दोन निळसर ताऱ्यांशी काक्षीची तुलना करत. ठळक निळ्याला दहा गुण, फिक्या निळ्याला शून्य, मग काक्षीला किती? तो आकडा वहीत लिहायचा. लिहिण्याआधी कालच्या आकड्यावर मला ठेवायचं. "कालचा आकडा दिसला की आजचा डोळा लबाडी करतो," असं ते म्हणत. झालं, मला जन्माचं काम मिळालं.

दादा वाट पाहता पाहता गेले. वही आणि मी त्यांच्या बहिणीकडे आलो. ताईंचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. भिंतभर रिळं. कुठलंही कापड आणा, त्या रंगाचा दोरा ताई एका नजरेत काढत. त्याच नजरेने त्यांनी एकतीस हिवाळे डोळ्यांत तेल घालून काक्षी पाहिला. पाच, सहा, पुन्हा सहा. दादांचं राहिलेलं आपण बघायचं, एवढीच त्यांची आस होती. त्यांची धाकटी बहीण मात्र कधी मान वर करायची नाही. "ताई, तारा फुटायच्या आत माझ्या कोटाला बाह्या लागतील का गं?" असं खालूनच ओरडायची.

मग एका हिवाळ्यात आकडे चढू लागले. साडेसहा. सात. पुढच्या वर्षी आठ. मला उचलून जुना आकडा पाहिला की ताई गच्चीवरून खाली हाक मारायच्या. "धाकटे, उजळतोय गं! दादाचा तारा उजळतोय!" गावोगावच्या निरीक्षकांचं एक मंडळ होतं, त्यांना त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं, आम्हाला काही बदल दिसत नाही. ताई भडकल्या. "डोळे गेलेत त्यांचे!"

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. "ताई, काळ्या कोटाला निळी काजं?" ताईंनी कोट खिडकीपाशी नेऊन उलटापालटा केला. धाकटीने दोन रिळं समोर धरली. "यातलं निळं कुठलं?"

"दोन्ही काळीच आहेत की," ताई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं, की निळं मंद होतं आणि तांबडं तसंच राहतं. काक्षी उजळला नव्हता, शेजारचे निळे तारे ताईंच्या डोळ्यात विझत चालले होते. घरी येऊन ताई खूप रडल्या. मला फार वाईट वाटलं, पण पुठ्ठ्याला तोंड कुठे असतं?

"फाडून टाक ती पानं," धाकटी म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

ताईंनी माझ्या काठाला पट्टीसारखं धरून दोन हिवाळ्यांच्या प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं, 'डोळ्यात मोतीबिंदू. हा आकडा धरू नये.' एकही आकडा खोडला नाही. मंडळालाही तसंच कळवलं.

शस्त्रक्रियेनंतर दोघी पहिल्यांदा गच्चीवर आल्या. "अगं, हा इतका निळा होता?" ताई बघतच राहिल्या. पण पेन काही उचलेनात. "माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही गं."

"सरक," धाकटी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने मान वर केली, पुष्कळ वेळ पाहिलं, आकडा लिहिला आणि त्यावर मला ठेवलं. "आता तू लिही."

ताईंनी लिहिलं. मग धाकटीने मला उचललं. खाली सहा, वर सहा. ताई हसल्या आणि त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फाटलो तर खोकी पुष्कळ आहेत. घरातल्या थोरांचे डोळे वेळेवर तपासून घ्या, आणि आपला आकडा चुकला तर पान फाडू नका, शेजारी खरं काय ते लिहा.

तारा अजून फुटलेला नाही. दोघी रोज वर येतात. आजचा आकडा विचारता? तो मी झाकून बसलो आहे. आधी तुम्ही वर बघा.