अंगठ्याखालचा अंधार

रुद्राणीची नोकरी कपिलधारच्या यात्रेत ठरली. तिचे वडील नागप्पा दर्शनाला गेले होते, तिथं त्यांना साडूचा मुलगा मृत्युंजय भेटला. त्यानं पुण्यात हातात मावतील अशी छोटी यंत्रं बनवायची कंपनी काढली होती. "काका, पोरीला पाठवा. घरचंच आहे," तो म्हणाला, आणि घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराची इंजिनिअर पोर पुण्याला गेली.

तिथं ती कर्नेलचं काम करायची. नागप्पा गावात सांगायचे, "आमची रुद्राणी कर्नलच्या हाताखाली हाय." लोकांना वाटायचं पोरगी फौजेत गेली. मग तिनंच एकदा वडिलांना समजावलं, की यंत्राच्या पोटात एक मूळ कारभारी असतो, बाकीचे प्रोग्राम त्याच्या हुकमाबाहेर जात नाहीत. तो कर्नेल. नागप्पा म्हणाले, "मंग कर्नलच की."

२००५ च्या उन्हाळ्यात गेवराई तालुक्यातल्या एका संस्थेनं शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद गावातल्या बायकांकडून ठेवायला कंपनीची यंत्रं घेतली. यंत्राच्या कडेला उजेड मोजणारा बारीक डोळा होता, मुगाच्या दाण्याएवढा. त्या डोळ्यावरूनच रुद्राणीचं आणि मृत्युंजयचं वाजलं.

"दादा, कर्नेलनं उजेड किती आहे एवढंच सांगावं," ती म्हणाली. "पडदा किती उजळायचा, ते ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला ठरवू द्या. अंधार पडलाय का कुणाचा हात आडवा आलाय, हे कर्नेलला कसं कळणार?"

"गिऱ्हाइकासमोर मी डोळ्यावर बोट धरतो आणि पडदा आपोआप मंद होतो. माणसं बघत राहतात," मृत्युंजय म्हणाला. "शिवाय बॅटरी वाचते. बायकांच्या हाती ते बटण दिलं तर सदा उजेड वाढवून ठेवतील. कर्नेलमध्येच बसव आणि वरून कुणाला हात लावता येणार नाही असं कर."

तिनं आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग बसवलं. घरचंच होतं.

गेवराईकडं हे यंत्र संगीताच्या हाती आलं. संगीता मेंढपाळाची लेक, दहावी झालेली, नवऱ्यानं टाकलेली. माहेरी आई साखराबाईजवळ राहायची. काम सोपं होतं. कळपाकळपाला जायचं, लस झाली असेल तर पडद्यावर 'झाली' दाबायचं, नसेल तर 'बाकी'. मागून लस टोचणारे यायचे आणि यंत्रात 'बाकी' असेल तिथंच थांबायचे.

तिचा चुलता सुग्रीव गोदावरीच्या काठानं कळप घेऊन होता. संगीता त्याच्याकडं भर उन्हाची गेली, 'बाकी' दाबून आली. निदान तिला तरी तसंच वाटलं. टोचणारे आले ते सुग्रीवच्या कळपाला वळसा घालून गेले. तो मागं धावला, "आमची ऱ्हायलीत की!"

"मशीनमदी झाली म्हनून हाय, बाबा. मशीन कावून खोटं बोलंल?"

आषाढात कवळं गवत आलं आणि ज्याची लस होती तोच रोग आला. धष्टपुष्ट कोकरं आधी गेली. संध्याकाळी चरून आलेली, सकाळी पाय ताणून पडलेली. मग मोठी मेंढरं. सुग्रीवनं काठावर खड्डे खणले, आणि खणता खणता पुतणीला नावं ठेवली. गावानं ती उचलली. सख्ख्या चुलत्याच्या मेंढरांवर उठली, म्हणू लागले.

काय झालं ते बघायला कंपनीनं रुद्राणीला पाठवलं. तिनं संगीताला म्हटलं, "तेव्हा कसं धरलं होतं, तसंच धरा." संगीता उन्हात उभी राहिली, डोईवरचा पदर सावरला, यंत्र डाव्या हातात घेतलं. अंगठा नेमका त्या डोळ्यावर बसला. कर्नेलला वाटलं रात्र झाली, आणि त्यानं पडदा विझवत आणला. रुद्राणीनं वाकून पाहिलं तर काचेत आभाळ आणि स्वतःचं तोंड, बाकी काही नाही.

"रोज असंच होतं का?"

"रोजच. मी म्हनलं मलाच दिसंना. डोळे तपासून आले मी, ताई."

रुद्राणीनं यंत्र तिच्या हातून काढून घेतलं. "तुमचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "चूक आमची आहे. मी हे सगळ्यांसमोर सांगते."

आणि तिनं सांगितलंही. संस्थेच्या बैठकीला मृत्युंजय पुण्याहून आला होता. त्यानं गोड आवाजात मांडलं, की यंत्र निर्दोष आहे, पण ग्रामीण महिलांना ते धरायचं वळण नाही, प्रशिक्षण वाढवू. रुद्राणी उठली. "वळणाचा प्रश्न नाही. माणूस असंच धरणार. पडद्याचा निर्णय कर्नेलमध्ये कोंडला, तो आम्ही कोंडला. या बाईंनी 'बाकी'च दाबलं असतं, त्यांना दिसलं असतं तर."

संस्थेचे अध्यक्ष पंडितराव हसले. "ताई, हे कर्नल-बिर्नल आम्हाला काय कळतंय? बोट कुणाचं होतं, तेवढं सांगा."

"बोट त्यांचंच, पण..."

"झालं मग."

संगीता दाराशी उभी होती. तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायला कुणी उठलंसुद्धा नाही. बसल्या जागेवरूनच सांगितलं.

गाडीत बसल्यावर मृत्युंजयनं आधी काच वर केली. मग म्हणाला, "काकांच्या तोंडाकडं बघून ठेवतोय तुला." त्यानं तिला कर्नेलवरून काढून तक्रारीचे फोन घ्यायला बसवलं. पण दोन महिन्यांनी कंपनीच्या नव्या माहितीपत्रकात छापून आलं, 'उजेड आता तुमच्या हातात'. यंत्राच्या आतलं सगळं रुद्राणीनं सांगितलं होतं तसंच होतं. नाव मृत्युंजयचं होतं, शेजारी फोटोही.

दिवाळीला घाटनांदूरला येताना तिनं त्या नव्या यंत्रांतलं एक मागून घेतलं, आणि वाट वाकडी करून गेवराईला उतरली. साखराबाईच्या अंगणात संगीता वाकळ शिवत होती. तिनं यंत्र हातात घेतलं, उन्हात धरलं, अंगठा होता तिथंच ठेवला. कडेचं बटण दाबलं तसा पडदा लख्ख झाला. अक्षर न् अक्षर दिसत होतं.

"लई झ्याक दिसतंय," ती म्हणाली. "आता हे कुनाला देनार?"

"परभणीकडं. तिकडच्या संस्थेनं घेतलीत."

"चुलत्याला सांगितलं का तुमी, की माझं चुकलं न्हवतं?"

"आत्ता तिकडनंच आले. ते म्हणाले, मेंढरं तर गेलीच ना."

संगीतानं यंत्र पदरानं पुसून परत दिलं आणि सुई हातात घेतली. साखराबाई चुलीपासून उठली नाही. आतूनच म्हणाली, "बाई, ऊन चढायच्या आत निघा तुमी. हितं लोक येतात-जातात, पुन्हा बोलतील."

रुद्राणीनं पिशवी खांद्याला लावली. चहा कुणी विचारला नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.