बिस्किटांच्या डब्याला कुलूप

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवताना काकूंनी कधी कुणाचं वीतभर कापड मारलं नव्हतं. त्यांच्यावर चोरीचा आळ यावा, तोही बिस्किटाच्या, आणि तोही नवऱ्याकडून, म्हणजे काय? तळपायाची आग मस्तकाला गेली होती ती उतरायला तयार नव्हती.

निमित्त गुंडीचं. गुंडी म्हणजे त्यांची अकरा वर्षांची मांजर, शिवणयंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत वाढलेली. दोन महिन्यांपूर्वी ती वाटीवर वाटी पाणी पिऊ लागली, खाऊनही वाळू लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मधुमेह सांगितला. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की दोन युनिट इन्सुलिन.

घरात कामाची वाटणी झाली. काका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होते. मोजमाप म्हटलं की दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ते सिरिंज डोळ्यांसमोर धरून औषध भरत. टोचायचं काकूंनी, कारण सुईचा हात त्यांचा, आणि काकांना गुंडीचं कळवळणं बघवत नसे. तेवढा वेळ ते खिडकीबाहेर बघत.

पाच आठवडे छान गेले. गुंडी अंगाने भरली, कपाटावर उड्या मारू लागली. मग पुन्हा पाणी, पुन्हा वाळणं, आणि आता तर मागच्या टाचा जमिनीला टेकवत फरफटत चालणं. डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साखर पहिल्यापेक्षा वाढली आहे. असंच चाललं तर ही हातची जाईल. औषध वेळेवर देताय ना?"

"मिनिटाचा फरक नाही," काका म्हणाले.

"मग लाडाने कुणी काही खायला घालतंय का?"

काकांनी काही न बोलता बायकोकडे पाहिलं. परक्या बाईसमोर. तोंडाने बोलले असते तर एक वेळ परवडलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाचं जुनं पितळी कुलूप शोधून काढलं आणि बिस्किटांच्या डब्याला लावलं.

"अहो, हे काय?"

"तुझा हात सैल आहे. तुला तिची दया येते."

"दया येते म्हणून मी तिच्या जिवावर उठेन?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही. कुलूप म्हणतंय."

पूर्वी काकू गुंडीला अर्धं बिस्किट द्यायच्या, हे खरं. पण आजार कळल्या दिवसापासून कानाला खडा लावला होता. ते या माणसाला दिसलं नाही. मोजमापवाले म्हणे.

तणतणतच त्या कामाला बसल्या. टाके उसवायची सुई टोपणात घालून ठेवायची त्यांची सवय होती, आणि त्यासाठी त्या सिरिंजची टोपणं टाकून न देता खणात साठवत. खण उघडला आणि हात थांबला. तळाला सगळी टोपणं लाल होती. वरची सगळी नारिंगी.

सुई बारीक झाल्याचं त्यांच्या बोटांना तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. नवं पाकीट असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता त्यांनी जुन्या पाकिटात राहिलेल्यांपैकी एक सिरिंज काढली, नव्यातली एक काढली, दोन्हींत दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि अस्तराच्या तुकड्यावर शेजारी शेजारी सोडलं. लाल टोपणवालीचा डाग चांगला पसरला. नारिंगीवालीचा त्याच्या निम्माही नव्हता.

"ही सुई कुठून आणलीत?"

काका चाचरले. "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून. माणसांसाठीची आहे. बारीक असते. म्हटलं, तिला कमी दुखेल. आकडे तेच आहेत गं. दोन म्हणजे दोन."

"माझ्या टेपच्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. दोन म्हणजे दोन म्हणत शिवलं असतं तर लोकांनी मला दारात उभं केलं नसतं."

काका अस्तराच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी औषधाच्या बाटलीवरचं 'मिलीलिटरला चाळीस युनिट' वाचलं, नारिंगी सिरिंजवरचं 'मिलीलिटरला शंभर' वाचलं, आणि हिशेब केला: तीन आठवडे गुंडीला निम्म्याहून कमी औषध जात होतं.

"फोन लावा डॉक्टरीणबाईंना," काकू म्हणाल्या. "तुम्हीच लावा."

काकांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, चूक भरून काढायला जास्त औषध मुळीच देऊ नका; संध्याकाळी लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीचे दोनच युनिट द्या आणि उद्या सकाळी तिला घेऊन या. वेळेत कळलं, सावरेल.

फोन ठेवून काका टोपलीपाशी उकिडवे बसले. गुंडीच्या कानामागे बोट फिरवत म्हणाले, "चुकलं गं माझं, बाळा." काकूंनाही भरून आलं. पण म्हणून विषय संपत नव्हता.

"तिची माफी मागून झाली. माझी राहिली."

"अगं, चुकलं म्हटलं ना. काढतो आत्ता कुलूप."

"कुलूप घरात लावलंत, ते घरात काढाल. तिथे बाईंसमोर माझ्याकडे बघितलंत, त्याचं काय?"

काकांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"हो, मीच. नाही, मांजर ठीक आहे. एक सांगायचं राहिलं. आमच्या घरात तिला कुणी काही खायला घालत नव्हतं. मी उगाच हिच्याकडे बघितलं."